डोंगर खचल्याच्या बातमीत खडकाचे नाव हवे

संपादक महोदय,

डोंगर खचला, खाणीच्या खड्ड्यात पाणी साचले, जमिनीला भगदाड पडले, अशा बातम्या आपल्या वृत्तपत्रात सविस्तर येतात. पाऊस किती झाला, झाडे किती तुटली, परवानगी कोणी दिली, हे सारे त्यांत असते. ज्या खडकावर हे घडले त्याचे नाव मात्र क्वचितच वाचायला मिळते. ही उणीव मला किरकोळ वाटत नाही, कारण माणसाने तीच कृती केली तरी तिचा परिणाम खडकागणिक बदलतो.

दोष आपल्या शिकवण्यातही आहे. भूगोलाच्या पुस्तकात खडकांचे प्रकार एका धड्यात येतात आणि मानवी व्यवसाय दुसऱ्याच धड्यात. अग्निज, स्तरित, रूपांतरित ही नावे पाठ झाली की विषय संपला! देशाचे भूदृश्य खरे तर या दोन धड्यांच्या सांध्यावर घडत असते.

इंग्लंडचेच पाहा. तेथील नॉरफोक भागातली ‘ब्रॉड्स’ ही उथळ तळी निसर्गाने घडवली, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९५० च्या दशकात जॉयस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जागोजागी भोके पाडून खालचे थर तपासले. तळ्यांच्या बाजू उतरत्या नव्हत्या, कुदळीने कापल्यासारख्या जवळजवळ उभ्या होत्या. मधे न खणता सोडलेल्या पीटच्या सरळ पट्ट्याही सापडल्या. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर, कोळसा बनण्याची पहिली पायरी. मध्ययुगात लोकांनी तो जळणासाठी खणून नेला, पुढे पाण्याची पातळी चढली आणि खड्ड्यांची तळी झाली. आज लोक तिथे होड्या हाकायला आणि पक्षी पाहायला जातात.

त्याच देशात कॉर्नवॉलमध्येही माणूस खणतच होता, पण ग्रॅनाइटमध्ये. जमिनीखालच्या उष्ण द्रवांमुळे त्या ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजाची पांढरी चिनी माती झाली होती. ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढत. एक टन माती मिळवताना कित्येक टन वाळू आणि दगड मागे उरत. त्याचे पांढरे डोंगर सेंट ऑस्टेलच्या परिसरात अजून उभे आहेत. तिथल्याच एका वापरात नसलेल्या खाणीत २००१ मध्ये ‘ईडन प्रोजेक्ट’ हे वनस्पतींचे उद्यान उघडले.

चेशायरमध्ये तर मोठे नुकसान कुदळीपेक्षा पंपाने केले. तिथे जमिनीखाली मिठाचा खडक आहे. पाण्यात विरघळलेले मीठ पंपाने उपसले गेले, खाली पोकळ्या झाल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्थविच गावातील इमारती कलू लागल्या, खचू लागल्या. मग तिथल्या लोकांनी जॅक लावून उचलता येतील अशा लाकडी चौकटींच्या इमारती बांधल्या.

जंगलतोडीचेही असेच. आयर्लंडच्या बरेन भागात चुनखडक आहे. आदिम शेतकऱ्यांनी झाडे तोडली, गुरे चारली, तशी माती खडकाच्या भेगांत उतरत गेली आणि मैलोन्‌मैल उघडा करडा दगड राहिला. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या ग्रॅनाइटच्या पठारावरही झाडे तुटली, पण तो खडक पाणी मुरू देत नाही. तिथे दलदल आणि पीट पसरले. हवामान ओलसर झाल्याचा त्यात वाटा होताच, पण तोड दोन्हीकडे झाली होती.

खडकाकडे काणाडोळा केला की काय होते, ते इटलीत वायोंत धरणावर दिसले. जलाशयाच्या काठावरच्या माँते तोक डोंगरात चुनखडकाच्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पापुद्रे होते आणि थर जलाशयाकडे कललेले होते. पाणी भरताना आणि उतरवताना डोंगर हळूहळू सरकत असल्याचे मोजमापांत दिसत होते. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २६ कोटी घनमीटर खडक एकदम जलाशयात कोसळला. उसळलेल्या लाटेने खालची लोंगारोने आणि इतर गावे पुसली, सुमारे दोन हजार माणसे गेली. धरणाची भिंत मात्र आजही उभी आहे. म्हणजे भिंतीचे गणित चुकले नव्हते. डोंगराच्या थरांना पुरेसे महत्त्व दिले गेले नाही.

म्हणून विनंती एवढीच. अशा प्रत्येक बातमीत दोन ओळी अधिक द्या: खडक कोणता होता आणि त्याचे थर कोणत्या दिशेला कललेले होते. त्या जागी आधी काय खणले, तोडले किंवा उपसले गेले, तेही जमल्यास लिहा. बहुतेक देशांच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था नकाशे प्रसिद्ध करतात, त्यामुळे निदान खडकाचे नाव तरी वार्ताहराला मिळू शकते. थरांचा कल आणि जागेवरच्या भेगा यांविषयी एखाद्या भूवैज्ञानिकाला विचारावे लागेल. दुर्घटनेनंतर राजकीय नेत्यांची प्रतिक्रिया घेतली जाते, तशी भूवैज्ञानिकांचीही त्याच दिवशी घ्यावी.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक