अकरा वायसर

पुणे, बुधवार

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं, पण बाबांच्या कानाच्या मशीनवर माझा भरवसा नाही. मागे मी "दिवाळीला येते" म्हटलं, तर त्यांनी आईला सांगितलं, "बायोची गाडी बिघडली." आत्ता जे सांगायचंय ते असं अर्धंमुर्धं ऐकू जाऊन चालणार नाही. आई, तू हे मोठ्याने वाचून दाखवू नकोस. ते स्वतः वाचू देत. चष्मा फ्रिजवर असेल.

बाबा, गेल्या महिन्यात आले होते तेव्हा रात्री दोनला पाणी प्यायला उठले, तर तुम्ही पुढच्या खोलीत दिवा न लावता बसलेले. काय झालं विचारलं तर म्हणालात, "काही नाही गो, पेटीचं आठवलं. हातभर वर ठेवली असती तर." मी आपली "झोपा आता" म्हणून आत गेले. बोलायला हवं होतं ते तेव्हाच. धीर झाला नाही.

ज्या पेटीत तुमचा जुन्या नाण्यांचा डबा होता, तिचा हिशेब मला आता पाठ आहे. 2005 च्या 26 जुलैला पाणी खिडकीच्या दुसऱ्या गजापर्यंत आलं. तिथे तुम्ही तांबड्या ऑइलपेंटने रेघ मारलीत आणि पुढे घरातली किमतीची वस्तू कधी त्या रेघेखाली ठेवू दिली नाहीत. पेटी तर कपाटाच्या डोक्यावर, रेघेच्या चांगली दोन हात वर. यापेक्षा माणूस आणखी काय करणार? 2021 ला आषाढी एकादशी झाली मंगळवारी आणि वाशिष्ठी नदी आपल्या चिपळूणच्या पेठमापात शिरली गुरुवारी, 22 जुलैच्या पहाटे. तुम्ही अंधारात आधी तिथी मोजलीत. त्रयोदशी. तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ: तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे खाडीच्या तोंडाशी दाभोळला भरती पावणेदहाची, गोवळकोटला पाणी त्याच्याही नंतर चढणार, तोवर हा पूर उतरत नाही. आईची औषधं, पेन्शनचं पुस्तक आणि विम्याचे कागद पिशवीत घातलेत आणि तिला हाताला धरून वरच्या मजल्यावर नेलंत. मी हे इथे सगळ्यांना सांगते, की आमचे बाबा तिथीच्या गणिताने आईला घेऊन वेळेत वर गेले. तुम्ही मात्र सांगता ते फक्त पेटीचं.

कपाट पाण्यावर उचललं जाऊन आडवं होईल हे कुणाच्या डोक्यात येणार? चौथ्या दिवशी पेटी दोन आळ्या पलीकडे मिळाली, झाकण उघडं, आत कोपरभर चिखल. टिळक वाचनमंदिरातली 1864 पासूनची पुस्तकं भिजून त्यांचा लगदा झाला, तिथे आपल्या डालड्याच्या डब्याचं काय घेऊन बसलात, असं दादा म्हणाला, आणि तुम्ही दोन दिवस त्याच्याशी बोलला नाहीत. त्याचं म्हणणं खरं होतं, पण ती वेळ नव्हती.

डब्यात काय काय होतं ते मीही सांगू शकते. नेहरूंचा 1964 चा रुपया. कमळाचं पिवळं वीस पैशाचं, ते किती होते ते मात्र आता आठवत नाही. एशियाडचे पंचवीस पैसे. गुहागरच्या एसटीत तिकिटाला कुणी असं नाणं दिलं की तुम्ही स्वतःच्या खिशातलं बॅगेत टाकायचात आणि ते वरच्या खिशात ठेवायचात. रात्री डेपोत वेबिल लिहून, रोकड भरून घरी आलात की शर्ट खुंटीला लावायच्या आधी तो खिसा माझ्यासमोर उलटा करायचात. पोस्टाची तिकिटं वेगळ्या वहीत, त्यात गांधींचं 1948 चं दीड आण्याचं. दादाच्या काडेपेट्यांचे छाप. ते सगळं पुरानेच नेलं, त्यात मला काही बोलायचं नाही.

मला बोलायचंय पुरचुंडीबद्दल.

आजोबांनी मुंबईहून आणलेले अकरा भोकाचे पैसे. आजीच्या जांभळ्या खणाच्या तुकड्यात बांधलेले. दर लक्ष्मीपूजनाला डबा पाटावर यायचा, पुरचुंडीला हळदकुंकू लागायचं आणि तुम्ही दादाला नि मला तेच सांगायचात: "लढाईत तांबं कमी पडलं, म्हणून सरकारने पैशाच्या पोटातलं काढून घेतलं. 43 ते 47, एवढीच वर्षं निघाले हे." भोकामुळे त्यावर राजाचं तोंड मावत नव्हतं, नुसता मुकुट होता, याचं मला फार हसू यायचं. आणि त्यातला एक, 1945 चा, तुमच्या बारशाला करगोट्यात ओवलेला. दोऱ्याने घासून त्याच्या भोकाची एक कड झिजून धारेसारखी झाली होती. पुरचुंडी तुम्ही सोडायचा नाहीत. बाहेरूनच चाचपायचात, अकरा मोजायचात आणि ठेवून द्यायचात.

बाबा, 1989 च्या मे महिन्यापासून त्या पुरचुंडीत पैसे नव्हते.

कसं झालं ते सांगते. त्या सुट्टीत आपण गळ टाकून मासे गरवायला जायचो. तुम्ही वस्तीच्या गाडीवरून सकाळी दहाला यायचात, जेवून दोनपर्यंत झोपायचात आणि मग मला सायकलच्या दांडीवर बसवून गोवळकोटच्या धक्क्यावर. दादाला वास सहन व्हायचा नाही, त्यामुळे ही चैन माझी एकटीची. आमिषाला आईच्या टोपलीतली मूठभर कोळंबी, तिची नजर चुकवून. (आई, तू कोळंबी मुद्दाम वर काढून ठेवायचीस, हे मला लग्नानंतर कळलं.) धक्क्यावर पहिला नियम, पाय पाण्यात सोडायचे नाहीत. समोरच्या चिखलात मगर ऊन खात पडलेली असायची, लाकडासारखी. मला ती लाकूडच वाटायची, तोवर एकदा लाकडाने तोंड उघडलं.

तुम्ही बांबूच्या कांबीला गुंडाळलेला गळाचा दोरा, तंगूस, सोडायचात, शिसं डोक्यावरून दोन वेळा गरगर फिरवून लांब फेकायचात आणि तंगूस माझ्या तर्जनीवर ठेवायचात. "हिसका बसला तर शेंगटी. हळूहळू जड होत गेला तर खेकडा, त्याला ओढू नकोस, येऊ दे." शेंगटी वर आली की आधी पकडीने तिचे तीन काटे मोडायचे, एक पाठीवरचा आणि दोन बाजूंचे, मग गरी काढायची. एकदा एका शेंगटीच्या तोंडात गोट्यांएवढी अंडी निघाली. तुम्ही म्हणालात हा नर आहे, हाच पोरं सांभाळतो, तोंड मिटून, उपाशी राहून. आणि दिलात पाण्यात सोडून. घरी आई म्हणाली, "सोडलात? मग आता कालवण कशाचं, तंगुसाचं?"

तर शिसं. आदल्या रविवारी आपलं शेवटचं शिसं खडकात अडकून गेलं होतं. तुम्ही म्हणालात, "पुढच्या खेपेस एखादा नट बांधू." मी अकरा वर्षांची. मला वाटलं, नट कशाला, आपल्याकडे आयतं भोक पाडलेलं आहेच की. तुम्हाला चकित करायचं होतं. दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा पुरचुंडी सोडली, पैसे फ्रॉकच्या खिशात घातले. धक्क्यावर तुम्ही रेतीच्या होडीवाल्यांकडे चहाला गेलात तेवढ्यात अकराही तंगुसात ओवले, गाठ मारली आणि फेकले. एकेक पैसा जेमतेम दोन ग्रॅमचा, पण अकरा मिळून बरे गेले लांब. तुम्ही आलात, म्हणालात, "वा, शिसं कुठून आणलंस?" मी म्हटलं, "आहे गंमत." मासा वर आला की सांगणार होते.

मग ओढ बसली. निदान तुम्हाला तसं वाटलं. तुम्ही चहा तसाच खाली ठेवलात, तंगूस माझ्या हातातून घेतलात, पाय रोवून उभे राहिलात. "मोठा आहे गो! तांबोशी! खाली दबा धरून बसलाय!" दहा मिनिटं तरी चाललं असेल. मी शेजारी उभी, मला ठाऊक होतं तिथे खाली बुडालेले जुने वासे आहेत, कारण तंगूस थरथरत नव्हता. मासा असला की थरथरतो, तुम्हीच शिकवलेलं. मी बोलले नाही. तंगूस तुमच्या बोटात रुतला, रक्त आलं, आणि तुटला.

तोच तुमचा मासा, बाबा. डाव्या तर्जनीवरचा तो वण तुम्ही अजून पाहुण्यांना दाखवता. त्या संध्याकाळी तो मासा चार किलोचा होता. माझ्या लग्नात सात किलोचा झाला. परवा नातवाला सांगताना बारावर गेला होतात. मासा नव्हताच. तिथे आजोबांचे अकरा पैसे अडकले होते, आणि त्यातला एक तुमच्या करगोट्यातला.

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावरच्या सायकलवाल्याकडून चार आण्यांना अकरा वायसर आणले. शाळेत प्रयोग आहे म्हटलं. पुरचुंडीत घातले, गाठ तशीच मारली, आणि बाहेरून चाचपून बघितलं. भोक लागत होतं बोटाला. मग त्या दिवाळीला तुम्ही चाचपून अकरा मोजलेत, हळदकुंकू वाहिलंत, आणि मला "बायो, नमस्कार कर" म्हणालात. केला. तेव्हापासून 2020 पर्यंत बत्तीस दिवाळ्या आपण सायकलच्या वायसरांची पूजा केली. सासरी लक्ष्मीपूजनाला बसले तरी मला चिपळूणचा पाट दिसायचा नि पोटात गोळा यायचा. पुराची बातमी आली, तुम्ही दोघं धड आहात कळलं, आणि त्यानंतर माझ्या मनात काय आलं सांगू? सुटले. आता कुणी ती पुरचुंडी सोडून बघणार नाही. याची लाज मला चोरीपेक्षा जास्त वाटते.

मागच्या रविवारी जुन्या बाजारात गेले. भोकाचे पैसे ढिगाने पडलेत, वीस-वीस रुपयांना. अकरा निवडून घेतले. दादाच्या माळ्यावर पुरचुंडी सापडली म्हणून सांगायचं आणि तुमच्या हातात ठेवायची, असा बेत होता. घरी येऊन मोजायला बसले. 1945 चेच चार निघाले, पण चारही भोकं गोल. तुम्ही पहिल्यांदा कड बघाल, हे मला ठाऊक आहे. तेव्हा ते पैसे राहू दिले नि पत्र लिहायला बसले.

तर कपाटाच्या डोक्यावरून जे वाहून गेलं त्यात आजोबांचे पैसे नव्हते. हातभर वर ठेवली असती, तर तुमच्याकडे आज अकरा गंजके वायसर असते. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, दुपारी झोपेतून उठल्यावर रागावता तसे, पण रात्री दोनला स्वतःवर नको.

हे लिहिताना एक आठवलं. जांभळा खण विरला म्हणून पुरचुंडी नव्या हिरव्या खणात बांधली होती. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. बाबा तर गाठीला हात लावत नसत. म्हणजे ते केलं आईने. आई, खण बदलताना तू पुरचुंडी सोडली असशीलच ना? आणि त्या सुट्टीभर तू शेंगटी साफ करायला बसलीस की मी समोर उकिडवी बसायचे, आतडी बाहेर येईपर्यंत हलायचे नाही. तू विचारायचीस, "काय शोधतेस गो?" मी म्हणायचे काही नाही. एकदा तू विळीवरून वर न बघता म्हणालीस, "शकुंतलेची अंगठी निघायची नाही हो शेंगटीतून." मला तेव्हा ती नुसती चेष्टा वाटली होती. तुला कधीपासून ठाऊक होतं? आणि तूही बाबांना बोलली नाहीस, पुरानंतरसुद्धा? तुझं कारण मला ऐकायचंय, पण बाबांसमोर नको. मागच्या दारी सांग.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. कॅलेंडरात पाहिलं, रविवारी दशमी आहे. दहाची पाऊणपट साडेसात, वर धक्क्यापर्यंत पाणी यायला आणखी वेळ. म्हणजे सकाळी चहा घेऊन निघालो तरी चालेल. बाबांना पायऱ्या उतरायला लागणार नाहीत, वर प्लास्टिकची खुर्ची टाकू. कांबीवरचा तंगूस पुरात गेला असेल, मी नवा घेते. कोळंबी आईने वर काढून ठेवावी. शिसं मी इथून आणते आहे, दुकानातलं, विकतचं. पावती दाखवीन.

तुमची,
बायो

ता. क. नातवाला बारा किलोचंच सांगत राहा. त्याला मी काही बोललेले नाही.