सळई बसली, हाडाचे काय?

खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांची बातमी (कालचा अंक) वाचली. जखमींचा आकडा आला, पुढचे हाल आले नाहीत. द्वारका चौकात माझ्या भावाची नडगी मोडली. हाडात धातूची सळई बसवूनही दहाव्या महिन्यात तो जिना उतरताना कठडा सोडत नव्हता; आम्ही मात्र लेप लावत बसलो. नऊ महिन्यांत हाड सांधले नाही आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या एक्स-रेत फरक नसेल, तर ते आपोआप जुळण्याची आशा कमीच. कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून मोडलेल्या जागी भरणे, सळई बदलणे असे उपाय आहेत. हाड जुळण्यात अडथळा आणणारे जंतुसंसर्ग, मधुमेह डॉक्टर तपासतात; तसाच अडथळा आणणारी तंबाखूची पुडी (भावाची अजून सुटलेली नाही) घरच्यांनीच बघायची. रुग्णालयांनी घरी सोडतानाच पुढच्या एक्स-रेची तारीख मराठीत लिहून द्यावी.

– एक वाचक, सिडको, नाशिक