गुण बिअरला की दुकानातील फळीला?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील क्राफ्ट बिअरविषयीचा, म्हणजे छोट्या उत्पादकांच्या खास बिअरविषयीचा, लेख वाचला. चार मित्रांनी घरी बसून निरनिराळ्या बिअर चाखाव्यात, प्रत्येकीला पाचपैकी तारे द्यावेत आणि ती यादी वाचकांपुढे ठेवावी, यात मला काहीच वावगे वाटत नाही. पुण्यात २००९ साली डुलाली ही जागेवरच बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर या शहरात ताजी बिअर पिणारा आणि तिच्याविषयी आवडीने बोलणारा एक वर्ग तयार झाला आहे व त्याची दखल वृत्तपत्राने घेणे योग्यच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या कॅन आणि बाटल्या फोडून हे तारे दिले गेले, त्यांवर उत्पादनाची कोणती तारीख होती, त्या कोठून आणल्या आणि तेथे त्या फ्रिजमध्ये होत्या की फळीवर, याचा लेखात कोठेही उल्लेख नाही. आपल्याकडील हवामानात एवढी माहिती नसेल, तर ते तारे बिअरचे आहेत की साठवणुकीचे हे वाचकाला कळण्याचा मार्ग उरत नाही.

बिअर नाशवंत आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. झाकण घट्ट असते, वर ‘बेस्ट बिफोर’ची तारीख पुढची असते आणि वाइन मुरते म्हणून बिअरही मुरत असावी, असा एक ऐकीव समज असतो. प्रत्यक्षात मोजके कडक प्रकार सोडले, तर बिअर दिवसागणिक उतरतच जाते आणि उष्णता हा उतार कितीतरी वेगवान करते. बिअर बनवणाऱ्यांमध्ये यासाठी एक ढोबळ ठोकताळा प्रचलित आहे: सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमानात ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस ठेवलेल्या बिअरचा शिळेपणा साधारण सारखाच भरतो. हा ठोकताळा काटेकोर नाही हे मान्य करूनही, एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा कोठे असतो आणि नागपूर-अकोल्याचा कोठे असतो, हे डोळ्यांपुढे आणले म्हणजे पुरे. पाश्चरीकरणाने जंतूंचा बंदोबस्त होतो, पण आत राहिलेला प्राणवायू आपले काम करीतच राहतो; आणि क्राफ्ट बिअर तर पुष्कळदा पाश्चरीकरण न करताच भरलेली असते.

याचा सर्वांत मोठा फटका इंडिया पेल एल, म्हणजे आयपीएला बसतो. तिची सारी शान हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, वासात असते, संत्र्याच्या सालीसारख्या किंवा राळेसारख्या त्या दरवळात, आणि नेमका तोच सर्वांत आधी उडून जातो. मागे राहतो नुसता कडवटपणा, शिळ्या मधासारखा गोडसरपणा आणि बराच काळ लोटला असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) काळी, जड स्टाउट मात्र हेच हाल बऱ्यापैकी सोसून नेते. आपल्या लेखात आयपीएंना सरसकट दोन-अडीच तारे आणि स्टाउटला चार तारे मिळाले आहेत, त्याचे कारण लेखकाची आवड हे असू शकेल, पण मला दाट संशय येतो तो दुकानाच्या फळीचा.

कोणत्याही बिअर शॉपीत संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहिले, तरी मी काय म्हणतो ते दिसेल. फ्रिजमध्ये जागा असते ती झपाट्याने खपणाऱ्या स्ट्राँग बिअरला. महागड्या क्राफ्ट बिअर रस्त्याकडे तोंड करून, ट्यूबलाइटखाली, एखाद्या शोकेसमध्ये मांडल्यासारख्या ओळीने उभ्या असतात आणि दुपारी शटरच्या बाजूने येणारे ऊन थेट त्यांच्यावर पडते. गिऱ्हाईक ‘थंड आहे का?’ असे विचारते, त्यावर दुकानदार तत्परतेने ‘अर्ध्या तासात करून देतो’ म्हणतो. अर्ध्या तासात ती थंड होते, ताजी होत नाही. बाटली हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची असेल, तर उन्हाचा आणखी एक दोष जडतो: प्रकाशामुळे हॉप्समधील कडू द्रव्यांचे विघटन होऊन एक गंधकयुक्त, उग्र वासाचे संयुग तयार होते. माणसाच्या नाकाला ते अत्यल्प प्रमाणातही जाणवते आणि कडक उन्हात तेवढ्यासाठी काही मिनिटेही पुरतात. तपकिरी काच त्याला बऱ्याच अंशी अडवते, कॅन पूर्णपणे. तरीही कॅन म्हणजे हलका माल, असे मानणारे वाचक माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत.

दुसरा मुद्दा प्रकाराचा. गोज़े हा जर्मनीतील गोस्लार आणि लाइपझिग या शहरांशी जोडलेला जुना प्रकार मुळातच आंबट आणि किंचित खारट असतो, त्यात धने घालतात. आपल्याकडे पुण्यात तो कोकम घालूनही बनवला गेला आहे. अशा बिअरला ‘आंबट लागते’ म्हणून एक तारा देणे, हा न्याय नव्हे. गव्हाच्या बव्हेरियन बिअरमध्ये यीस्टमुळे येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास हा तिचा गुण आहे. तोच साध्या लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या फिक्या पिवळ्या बिअरमध्ये, आला तर दोष धरावा लागेल. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम ही १९८५ पासूनची अमेरिकी संस्था ५० गुणांची पत्रिका वापरते. त्यात वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील पोताला ५ आणि एकूण प्रभावाला १० गुण असतात आणि प्रत्येक बिअर तिच्या प्रकाराच्या वर्णनाशी ताडून पाहिली जाते. घरच्या बैठकीत एवढा काटेकोरपणा हवाच असे नाही, परंतु रूपाला अवघे ३ गुण आहेत, हे कॅनवरच्या चित्रांवर भाळणाऱ्या आम्हा सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

म्हणूनच चाखताना लेबल झाकलेले असावे. त्याहून उत्तम म्हणजे त्रिकोणी चाचणी, जी खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत नित्याची आहे आणि घरीही सहज जमते. एकसारखे तीन पेले घ्यावेत. दोहोंत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. ओतणाऱ्याने चाखणाऱ्यांत बसू नये. कोणता पेला वेगळा, एवढेच ओळखायचे. निव्वळ अंदाजानेही तिघांतील एकाचे उत्तर बरोबर येऊ शकते, म्हणून चाचणी अनेकांकडून आणि पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. आमच्या मित्रमंडळींनी ही चाचणी दोन निरनिराळ्या बिअर घेऊन न करता एकाच आयपीएचे दोन कॅन घेऊन केली: एक अलीकडच्या तारखेचा, फ्रिजमधून घेतलेला, आणि दुसरा काही महिन्यांपूर्वीचा, फळीवरचा. बहुतेकांनी वेगळा पेला अचूक ओळखला. एका गृहस्थांनी तर या दोन कंपन्यांच्या बिअर आहेत, असे छातीठोकपणे सांगितले. तशीच चाचणी स्टाउटवर केली, तेव्हा मात्र उत्तरे विखुरली.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण निकाल बिघडवतात. पेल्याला भांडी घासण्याच्या साबणाचा लिंबाचा वास किंवा तेलाचा अंश राहिला, की फेस बसतो आणि बुडबुडे काचेच्या कडांना चिकटून राहतात. अशा पेल्यातील बिअरला गुण देऊच नयेत. फ्रीझरमध्ये गोठवलेला पेला दिसायला झकास, पण त्यात वास मरतो. एलसाठी (आयपीए आणि स्टाउट याच गटातल्या) साधारण ८ ते १२ अंश तापमान पुरेसे आहे. लसणीची शेव आणि मसाला शेंगदाणे हा चखणा बैठकीचा जीव असला, तरी तो गुण देऊन झाल्यावरच आणावा, तोवर साधा पाव आणि पाणी. घरात उदबत्ती लावलेली असेल, तर चाखणे पुढे ढकललेले बरे. प्रत्येकाला ५०-६० मिलीलिटर एवढीच बिअर द्यावी, म्हणजे ३३० मिलीलिटरच्या एका पिंटमध्ये पाच-सहा जणांचे भागते आणि पाचव्या नमुन्यापर्यंत जीभ व डोके दोन्ही ठिकाणावर राहतात. आपल्या राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो, हेही लेखाच्या चौकटीत छापायला हवे होते.

पुढील लेखात प्रत्येक बिअरच्या ताऱ्यांखाली उत्पादनाची तारीख, खरेदीचा महिना, ती फ्रिजमधून घेतली की फळीवरून, आणि लेबल झाकून चाखली की उघडे ठेवून, एवढी एक ओळ द्यावी, अशी विनंती आहे. जागा कमी पडत असेल, तर कॅनचे छायाचित्र गाळावे.

आपला,
एक वाचक
कोथरूड, पुणे