निवृत्त होणाऱ्या मॅडमना जाहीर आभार पत्र

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षातून तुम्ही या महिन्यात निवृत्त होत आहात. निरोप समारंभात प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं मिळतात, त्यात माझं सगळं मावणार नाही. शिवाय तुमचं काम शोधनिबंधात दिसत नाही आणि उत्पादनाच्या वेष्टनावरही छापलं जात नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

दुधातला युरिया ओळखणारी आमची पट्टी प्रयोगशाळेत छान चालत होती. दुधात पाणी घातलं की एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन पदार्थांचं प्रमाण, घसरतो, तो भरून काढायला काही जण युरिया मिसळतात. पट्टीवरचं युरिएज एन्झाइम युरियापासून अमोनिया तयार करतं आणि रंग बदलतो. खरी अडचण अशी, की युरिया दुधात मुळातच असतो आणि 700 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 700 भाग) नियमाने चालतोही. त्यामुळे नुसतं ‘आहे’ म्हणून भागत नाही, मर्यादा ओलांडली का ते कळावं लागतं. तेही जमलं होतं. पण पुढे? अनुदान देणारे म्हणत, यात आता नवं संशोधन काय उरलं? गुंतवणूकदार म्हणत, माल तयार झाला की या.

या मधल्या टप्प्यासाठीच विद्यापीठाने स्वतःच्या तिजोरीतून थोडा निधी बाजूला ठेवला आहे, हे तुम्ही सांगितलंत. आणि त्याआधी एक सांगितलंत: निबंध पाठवण्यापूर्वी मला भेटा. एकदा छापून आलं की पेटंटसाठी लागणारं नावीन्य बहुधा हातचं जातं. तुम्ही मागे लागून पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज दाखल करून घेतलात, म्हणजे पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळाले. शैक्षणिक संस्थांना 2021 पासून पेटंट शुल्कात 80 टक्के सवलत मिळते, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पण माझ्या मनात ठसली ती दूध संकलन केंद्राची भेट. पहाटेची वेळ, कॅनची रांग, आणि वर एकच पिवळा बल्ब. तुम्ही पट्टी बुडवून शेजारच्या मदतनिसाला दिलीत आणि विचारलंत, ‘काय दिसतंय?’ तो पट्टी बल्बाजवळ नेऊन, तिरकी धरून बघत राहिला. त्या उजेडात दोन छटांमधला फरक त्याला सांगताच येईना. रांगेतली माणसं थांबलेली. तुम्ही तिथेच वहीत लिहिलंत: छटा ठळक हव्यात, सोबत रंगाचं कार्ड हवं, आणि उन्हाळ्यात टिकायला हवी.

निधीचा पैसा नेमका त्यावर गेला. एन्झाइम दमट हवेत मरगळतं, म्हणून फॉइलची पाकिटं आणि आत सिलिका जेल. मग 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये टिकाऊपणाच्या चाचण्या. यातून निबंध निघत नाही, म्हणून यासाठी सहसा कुणी पैसे देत नाही. बिग (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) या जैवतंत्रज्ञानातल्या नव्या कल्पनांसाठीच्या सरकारी अनुदानासारख्या योजनेत पुढे 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण तिथे ठामपणे बोलण्याइतका पुरावा आमच्या हाती आला तो या पहिल्या पैशामुळे.

निधी समितीत कुणीतरी विचारलं होतं, विद्यापीठाने हा धंदा कशाला करायचा? तेव्हा तुम्ही विस्कॉन्सिन विद्यापीठाचं उदाहरण दिलंत. हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नातलं ड जीवनसत्त्व वाढवण्याची पद्धत शोधली, आणि 1925 मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या फाउंडेशनने पेटंटचं उत्पन्न पुन्हा संशोधनात घातलं. आमच्या परवाना करारात रॉयल्टीचा काही भाग याच निधीत परत जाईल, हे कलम तुम्ही आग्रहाने घालून घेतलंत. मला ते फार मोलाचं वाटतं. उद्या कुणा दुसऱ्या विभागातल्या पोरांना त्यातून आपल्या उपकरणाचा पहिला साचा करून घेता येईल.

पट्टीचा परवाना एका लहान उद्योगाने घेतला आहे आणि पहिला लॉट संकलन केंद्रांवर वापरात आहे. आता रंग बल्बाखालीही ओळखता येतो. तुमच्या जागी जे येतील, त्यांनाही एकदा पहाटे तिथे घेऊन जाण्याची जबाबदारी मी घेते. तुम्ही सोबत आलात तर फार आनंद होईल.

मनापासून आभार, मॅडम.

आपली कृतज्ञ,
जैवरसायनशास्त्र विभागातील एक संशोधिका