फुलांच्या टोपलीखालची वही सांभाळणाऱ्या मावशींस

मावशी,

सप्रेम नमस्कार.

तुमचा मोबाइल फक्त फोन घ्यायला आहे, हे मला ठाऊक आहे. पण शनिवारी तुमच्या शेजारी बसून झेंडू निवडणारी तुमची नात आहे, ती वाचून दाखवेल. तुमच्या टोपलीपाशी उभं राहून तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही "बरं झालं बाई" म्हणालात आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा हार बांधायला घेतलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. त्या वहीत रोज नाव लिहिणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी इथेही असेलच.

ज्यांना वही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या परळच्या गल्लीत एक जुने डॉक्टर बसतात. शटर उघडतं 9 ला, कंपाउंडर येतो आठच्या आत आणि नंबर लावणारे पेशंट पहाटे साडेपाचपासून हजर. त्या वेळी दवाखान्याच्या पायरीवर जागं असलेलं एकच माणूस म्हणजे मावशी. दादरच्या फुलबाजारातून माल घेऊन त्या तोवर परत आलेल्या असतात. पूर्वी लोक नंबरासाठी चपला ठेवायचे, पिशव्या ठेवायचे, आणि मग चपलेवरून भांडणं. शेवटी मावशींनी एक शंभर पानी वही आणून ठेवली. ती दुर्वांच्या टोपलीखाली प्लास्टिकच्या पिशवीत असते, तरी पानं कायम दमट. पेन गजऱ्याच्या दोऱ्याने वहीला बांधलेलं, कारण आधीची पेनं लोक खिशात घालून घेऊन गेले. पहिला येणारा तारीख टाकतो, म्हणून रोज वरचं अक्षर वेगळं. सकाळचे नंबर 35. साडेआठला कंपाउंडर ती वही आत नेतो. या कामाचा मावशींना कुणी एक रुपया देत नाही.

आता माझी बाजू. अप्पा, माझे वडील, 74 वर्षांचे. गिरणीत साच्याखात्यात होते, 1982 च्या संपानंतर मिळेल ते काम केलं. दुखणं अंगावर काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. जुलैत पाऊस लागला त्या सोमवारी हिंदमाताला नेहमीसारखं पाणी भरलं आणि हे गृहस्थ दूध आणायला त्या गुडघाभर पाण्यातून गेले आणि आले. टाचांना भेगा. घरी येऊन पाय धुतले, चहा घेतला, विषय संपला. आठ दिवसांनी ताप आला.

पहिल्या दिवशी क्रोसिन आणि काढा. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन लावला. फोनवर दहा नंबर देतात, सकाळी 8 पासून. बरोबर 8 ला एंगेज. 8 वाजून 11 मिनिटांनी लागला तर "आजचे संपले, उद्या आठला करा." तिसऱ्या दिवशीही तेच. नंतर मोबाइलात पाहिलं, दोन दिवसांत मी 43 वेळा फोन लावला होता. मधल्या वेळात एका मोठ्या खासगी रुग्णालयाचं ॲप उघडलं. त्याने नाव विचारलं, वय विचारलं, मोबाइल नंबर, ओटीपी, विम्याचा तपशील. कशासाठी यायचंय याला तीनच पर्याय होते: फॉलो-अप, जनरल, इतर. मी 'इतर' दाबलं. पुढच्या बुधवारी संध्याकाळी 6.40 ची वेळ मिळाली. बुधवार पाच दिवसांवर होता.

कुणी म्हणेल, केईएमसारखं पालिकेचं मोठं रुग्णालय चालत पंधरा मिनिटांवर असताना ही बाई ॲपवर काय करत होती? मीही आता स्वतःला हेच विचारते. पण "साध्या तापाला केईएम कशाला? तिथं खरे आजारी लोक असतात" असं अप्पा म्हणाले आणि मला ते पटलं. खरं सांगायचं तर केसपेपरच्या रांगेत तापलेल्या म्हाताऱ्याला घेऊन उभं राहायची माझीच तयारी नव्हती. अपघात विभाग रात्रंदिवस उघडा असतो, हे मला माहीत होतं. पण तो अपघातासाठी, अशी माझी भाबडी समजूत.

शनिवारी सहा वाजता मी पायरीशी आले. वहीत 30 नावं आधीच होती. मी 31 लिहिलं आणि मनात हिशोब केला, म्हणजे साडेबारा. एवढ्यात तुम्ही सुईत दोरा ओवता ओवता विचारलंत, "कुणाला काय हुतंय?"

मावशी, तीन दिवसांत मला हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता.

मी ताप म्हटलं. तुमचे पुढचे प्रश्न मला अजून जसेच्या तसे आठवतात. "किती दिस झाले? पान्यातनं चालला व्हता का? पोटऱ्या दुखत्यात का?" पोटऱ्यांचं मी म्हाताऱ्या माणसाचं दुखणं समजून सोडून दिलं होतं. रात्रभर ते पाय धरून बसले होते खरे. "डोळे लाल झालेत का?" झाले होते. तुमचा हात थांबला. हार अर्धा तसाच मांडीवर. मग म्हणालात, "माझ्या धाकट्याला सव्वीस जुलैच्या पुरानंतर असंच झालं व्हतं. नायरला दोन आठवडे व्हता. तू साडेबाराची वाट बघू नगंस."

2005 चा तो पूर आम्हाला पाण्याच्या आकड्याने आठवतो, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. त्यानंतर शहरात लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, जी साथ आली ती ज्यांच्या घरात शिरली त्यांनाच आठवते.

चार नंबरचे काका तिथेच पेपर वाचत बसले होते. पहाटे 5.20 ला येऊन बसलेला माणूस. तुम्ही त्यांना हाक मारलीत, "ओ काका, तुमचं तर बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायचंच काम ना?" ते माझ्याकडे एकदा आणि घड्याळाकडे एकदा बघून "हो" म्हणाले. मी घाईघाईने चार नंबरवर काट मारायला गेले तर तुम्ही वहीच ओढून घेतलीत. "खाडाखोड करायची न्हाई. उद्या भांडणं व्हतात." मग काकांनी स्वतःच्या हाताने चारपुढे लिहिलं, 'अदलाबदल 31', आणि खाली सही केली. बँकेत करतात तशी पूर्ण, दोन रेघा मारून. माझीही सही घेतलीत. पंचवीस लोक बघत होते, कुणी चकार शब्द काढला नाही. काकांचं नावही मी विचारलं नाही, गडबडीत राहून गेलं. ते दुपारपर्यंत बसून राहिले असणार. हे पत्र त्यांनाही आहे.

साडेनऊच्या आत अप्पा आत होते. डॉक्टरांनी पोटरी दाबली तेव्हा अप्पांच्या तोंडून "आई गं" निघालं. मी आयुष्यात प्रथमच ऐकलं. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, लघवी कमी झालीय का ते विचारलं आणि सरळ चिठ्ठी लिहिली. "उंदराच्या लघवीतून पाण्यात येतात हे जंतू, भेगांतून आत जातात. सुरुवातीला रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून रिपोर्टसाठी थांबायचं नाही. आत्ता टॅक्सी करा, केईएमच्या अपघात विभागात ही चिठ्ठी दाखवा." तपासायला पाच मिनिटंही लागली नसतील. तीन दिवस मी या पाच मिनिटांसाठी धडपडत होते.

तिथे चिठ्ठी वाचून लगेच रक्त घेतलं. क्रिएटिनिन 3.2, म्हणजे किडनीवर परिणाम झालेला, आणि प्लेटलेट खूप कमी, 62 हजार. संशयावरच अँटिबायोटिक सलाइनमधून सुरू केलं. नऊ दिवस वॉर्डात होतो. पहिले तीन दिवस लघवी मोजून लिहायची, हेच माझं काम. चौथ्या दिवशी आकडा वाढला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आता डायलिसिस लागणार नाही बहुतेक." लागलं नाही. बाकीचं सांगत बसत नाही. वॉर्डातले दिवस सगळ्यांचे सारखेच असतात.

डिस्चार्जच्या वेळी तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "पाण्यातून गेले त्यानंतर 72 तासांत दवाखान्यात दाखवून डॉक्सीची गोळी नव्हती घेतली?" डॉक्सी म्हणजे डॉक्सिसायक्लिन, लेप्टो होऊ नये म्हणून घ्यायची गोळी. महापालिका दर पावसाळ्यात हे ओरडून सांगते, गोळी पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते. आणि 2022 पासून जे 'आपला दवाखाना' निघालेत तसा एक आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. तिथे संध्याकाळीही डॉक्टर असतात, हे मला नऊ दिवस वॉर्डात काढल्यावर शेजारच्या पेशंटच्या बायकोकडून कळलं. माझ्या फोनमध्ये जेवण मागवायची चार ॲप्स आहेत, मावशी.

तुमच्या पायरीवरच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस दिवसाला पन्नासेक पेशंट बघतो, तेही अजून परवडेल अशा फीत. आमच्या भागात असे चार दवाखाने होते. दोघांच्या मुलांनी गाळे विकले, एका ठिकाणी आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. या टॉवरांच्या सावलीत गाळ्याचं डिपॉझिट भरून नवा डॉक्टर बसायचा कसा? राग मला त्या फोनचा येतो. जो आधी लावेल त्याचा नंबर, मग त्याला गोळ्या लिहून घ्यायच्या असोत की त्याची किडनी बंद पडत असो. तुमची वहीही तशीच चालते, पण तिच्यामागे तुम्ही बसलेल्या असता.

दुसऱ्या खेपेला मी पेढे आणले तेव्हा तुम्ही एक उचलून अर्धा नातीला दिलात आणि पाकीट हळूच ठेवायला गेले तर म्हणालात, "फुलं घेतलीस तर पैसं दे." मी पाव किलो झेंडू घेतला. तुम्ही नेहमीसारखाच भाव लावलात, एक रुपया कमी नाही. बरं वाटलं.

अप्पा आता जिन्यावरून खाली उतरतात, चाळीच्या दारात खुर्ची टाकून बसतात. पावसात दूध मी आणते. येत्या मंगळवारी त्यांना डॉक्टरांना दाखवायचंय, नुसतं रिपोर्ट दाखवायचं काम आहे, घाई काहीच नाही. मी सहाला येऊन नंबर लावते. मिळेल तो लावते, आणि कुणाला आमचा नंबर हवा असला तर द्यायचा, हे अप्पांना आधीच सांगून ठेवलंय. सही करायची म्हणून ते चष्मा घेऊन येणार आहेत.

त्या दिवशी सही करताना तुमचं पेन दोनदा अडकलं होतं. नवं घेतलंय, निळ्या शाईचं. बांधायला दोरा मात्र तुमचाच लागेल.

तुमची,
31 नंबरवाली