धारण तलावांचा गाळ डोंगरावरच अडवावा

माननीय संपादक महोदय,

पावसाळा जवळ आला की नवी मुंबईतील धारण तलावांच्या गाळाची चर्चा दरवर्षी होते. सिडकोने डच पद्धतीने बांधलेले हे तलाव भरतीच्या वेळी झडपा मिटवून पावसाचे पाणी साठवतात आणि ओहोटीला ते खाडीत सोडतात. येथल्या आगरी शेतकऱ्यांना ही रीत परकी नव्हती, कारण खारजमिनीच्या बांधातील उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याचे दारही असेच चालत असे.

आज यांतील अनेक तलाव गाळाने उथळ झाले असून त्यांत खारफुटी वाढली आहे. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालामुळे ती परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि हे संरक्षण हवेच. तरीही खारफुटी की पूरनियंत्रण या वादात गाळ येतो कोठून, हा प्रश्न मागे पडतो. भरतीबरोबर येणाऱ्या गाळासाठी नादुरुस्त झडपा बदलाव्यात. परंतु शहरालगतच्या पारसिक डोंगरावर दगडखाणींनी उघड्या पाडलेल्या उतारांवरची माती नाल्यांतून थेट तलावांत उतरते, तिचा बंदोबस्त डोंगरावरच करायला हवा.

माठाच्या पाण्यात आपण ज्याची मुळे टाकतो, तो वाळा यासाठी उत्तम आहे. त्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि त्यांची सरासरी ताणशक्ती सुमारे ७५ मेगापास्कल, म्हणजे साध्या पोलादाच्या जवळपास एक षष्ठांश असते. समपातळीवर दाट रांगा लावल्यास वाहत्या पाण्याचा वेग मंदावून माती रांगेमागेच बसते. मात्र सुटलेले मोठे खडक वाळा रोखू शकत नाही. तेथे अभियांत्रिकी उपायच करावे लागतील.

डोंगरपायथ्याच्या आमच्या वसाहतीमागची काँक्रीटची भिंत एका जुलैत कोसळली. पाणी बाहेर पडण्याची तिची छिद्रे वरून आलेल्या मातीने बुजली होती आणि मागे साठलेल्या पाण्याचा दाब तिला पेलला नाही. वरचा उतार मुळांनी बांधलेला असता तर ती टिकली असती, असे मला आजही वाटते.

नाल्यांचे तळही सरसकट काँक्रीटने बंद करू नयेत. जेथे जागा आहे तेथे काठाला जाळीत भरलेल्या दगडांची भिंत घालून तिच्या सांध्यांत झाडोरा वाढू द्यावा. महापालिकेने उतारांच्या व नाल्यांच्या निविदांमध्ये वाळ्याची लागवड आणि किमान दोन पावसाळ्यांची निगा ही स्वतंत्र बाब म्हणून धरावी, आणि रोपे जूनच्या पहिल्या सरींबरोबर लागतील अशा बेताने कार्यादेश द्यावेत, ही विनंती.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सीबीडी बेलापूर