बेंतिऊहून पत्र

प्रिय आई-बाबा,
सा. नमस्कार. तब्येत ठीक आहे, मलेरियाच्या गोळ्या चालू आहेत, आई काळजी करू नकोस.

बाबा, तुम्ही परवा फोनवर विचारलंत की एवढी वर्षं जग धान्य पाठवतंय तरी दक्षिण सुदानची उपासमार संपत का नाही. नेट गेलं म्हणून बोलणं अर्धवट राहिलं, आता नीट लिहितो.

इथे पावसाळ्यात रस्ते बंद, म्हणून कित्येक गावांत पोती विमानातून खाली टाकतात. विमान खाली येतं, पोती मोकळ्या मैदानात धप्प धप्प पडतात, मग बायका फुटलेल्या पोत्यांचे सांडलेले दाणे मातीतून एकेक वेचतात. त्यावर माणसं जगतात, हे खरंच आहे, आणि ते थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण ती पोती लागतात कशामुळे ते बघा ना. २०११ ला देश सुदानपासून स्वतंत्र झाला आणि २०१३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष कीर आणि त्यांनी पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष माचार यांच्या भांडणातून यादवी पेटली, २०१७ मध्ये बेंतिऊ ज्यात येतं त्याच युनिटी राज्यात लेर आणि मायेंदित भागात अधिकृत दुष्काळ जाहीर झाला, आणि तो पाऊस नाही म्हणून नव्हता हो, लढाईने लोकांना शेतं आणि गुरं सोडून दलदलीत पळायला लावलं म्हणून होता. पाणकमळाचे कंद खाऊन राहिली माणसं! २०१८ ला करार झाला तरी बंदुका घरोघरी तशाच राहिल्या, लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गुरं द्यायची असतात, ती नसली की पोरं दुसऱ्यांची गुरं पळवायला जातात, मग सूड, मग परत गाव उठतं.

तेल आहे, आपल्या ओएनजीसीचाही त्यात वाटा आहे, पण सगळं तेल सुदानमधून पाइपलाइनने समुद्रापर्यंत जातं. २०२४ च्या फेब्रुवारीत तिकडे युद्धाच्या भागात मोठी पाइपलाइन फुटली, सरकारची कमाई बसली आणि शिक्षक-सैनिकांचे पगार महिनोनमहिने थकले. बिनपगारी सैनिक नाक्यावर उभा राहून ट्रककडून पैसे घेणारच, मग बाजारात ज्वारी महागणारच. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

बाबा, तुम्हीच सांगता ना, ७२ च्या दुष्काळात सुकडी मिळाली, पण खडी फोडायचं आणि पाझर तलावाचं कामही मिळालं, ते तलाव मागे राहिले. इथे तसं काम म्हणजे बांध. बेंतिऊला पुराने वेढलंय, घरं सोडून आलेल्या लाखभर माणसांची छावणी आणि विमानतळाची धावपट्टी मातीच्या बांधांनी वाचवलीय, लोक स्वतः पोती भरून भगदाडं बुजवतात. मलाकाल शहरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले आपले भारतीय पशुवैद्य गुरांवर उपचार करतात, गुराख्याच्या दृष्टीने ती केवढी मोठी मदत! मला वाटतं पैसा अशा कामांवर, रस्त्यांवर, गुरांचे तंटे मिटवणाऱ्या पंचांवर आणि वेळेवर पगारावर गेला पाहिजे, पण देणारे देश वर्षावर्षाचंच बघतात आणि बांधाचं काम दरवर्षी अर्धवट राहतं.

मे महिन्यात पाऊस लागायच्या आत आमच्या बाजूच्या बांधाची डागडुजी उरकायची आहे, त्यामुळे एप्रिलमध्ये यायचं जमत नाही. आईला तुम्हीच समजावून सांगा.

तुमचा,
बाळू